‘कायम’ म्हणजे किती वर्षे?

आमच्या वसईच्या पट्ट्यात एके काळी सोयरीक जमविताना वाडी किती गुंठ्यांची आणि विहिरीला पाणी किती, हे विचारले जाई. पुढे ‘मुलगा गल्फला आहे काय?’ हा प्रश्न आला. अलीकडे त्याची जागा ‘पी.आर. झाला काय?’ या प्रश्नाने घेतली आहे. मिस्सा संपल्यावर ख्रिस्तमंदिराच्या आवारात जे चार शब्द बोलले जातात, त्यांत ही दोन इंग्रजी अक्षरे हमखास येतात. परक्या देशात कायम वास्तव्य करण्याचा हक्क एवढाच त्यांचा अर्थ. परंतु हा हक्क कसा मिळतो, किती टिकतो आणि तो मिळाल्यावर मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला काय येते, याविषयी आपल्या घरांतून फारच थोडे बोलले जाते. आमच्या स्वतःच्या कुटुंबातील एक घर जून २०२४ मध्ये कॅनडास गेले. त्या निमित्ताने आम्हांला जे शिकावे लागले आणि जे सोसावे लागले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, १९७८ साली आखातात गेले आणि बावीस वर्षांनी परतले. त्या बावीस वर्षांत त्यांनी बहिणींची लग्ने केली, मुलांना शिकविले, घर बांधले. परंतु तो देश एक दिवसही त्यांचा झाला नाही आणि व्हावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. तेथील वास्तव्याचा परवाना नोकरीला बांधलेला असे. नोकरी सुटली की परवाना सुटला, परवाना सुटला की विमान गाठायचे. आखाती देशांनीही पुढे धोरण थोडे सैल केले. संयुक्त अरब अमिरातीने ‘गोल्डन व्हिसा’ आणि सौदी अरेबियाने ‘प्रीमियम रेसिडेन्सी’ २०१९ साली सुरू केली, पण ती प्रामुख्याने धनिकांसाठी आणि विशेष गुणवंतांसाठी. सामान्य कामगाराला आखात म्हणजे जाऊन येण्याची जागा. म्हणूनच त्या पिढीच्या स्थलांतराने आपली गावे ओस पडली नाहीत. उलट नवी घरे उभी राहिली. माणूस एकटा गेला आणि कुटुंबाकडेच परतला.

कॅनडाची गोष्ट निराळी. तेथे कुटुंबच जाते. म्हणूनच पुतण्याने जेव्हा घरात प्रथम हा विषय काढला, तेव्हा दादांनी एकच प्रश्न विचारला, “कायम म्हणजे किती वर्षे?” त्या वेळी सारे हसले. परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता, हे पुढे आमच्या ध्यानी आले.

ज्या देशाचे दार आज आपल्या मुलांना उघडे दिसते, ते आपल्यासाठी मुळात बंदच होते. १९०८ साली कॅनडाने असा नियम केला की, आपल्या मायदेशाहून कोठेही न थांबता, थेट प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून तसे थेट जहाज जवळजवळ नव्हतेच. नियमात हिंदी माणसाचे नावसुद्धा नव्हते, आणि तरीही तो त्याच्यासाठीच होता. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आले. दोन महिने ते बंदरात ताटकळत राहिले. मोजक्या प्रवाशांनाच उतरू दिले आणि जुलैत जहाज परत धाडले. त्या घटनेबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली ती २०१६ साली. मध्यंतरी १९५१ पासून भारतीयांसाठी वर्षाला १५० माणसांचा कोटा ठरला होता. वंश पाहून माणसे निवडण्याची रीत १९६२ च्या नियमांनी मोडली आणि १९६७ साली गुणपद्धती आली. माणसाचा वर्ण नव्हे, तर शिक्षण, वय, भाषा आणि कसब पाहून त्याला गुण द्यायचे, ही त्या काळी मोठी सुधारणा होती. आज आपली मुले जो अर्ज भरतात, तो या सुधारणेचाच वंशज आहे.

आता हा हक्क मिळण्याच्या वाटा किती, ते पाहू. पहिली आणि रुंद वाट कुशल कामगारांची. जानेवारी २०१५ पासून ती ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ नावाच्या व्यवस्थेतून जाते. उमेदवार आपली माहिती नोंदवितो, त्याला १२०० पैकी गुण पडतात, ठरावीक काळाने सोडत होते आणि वरच्या गुणांच्या लोकांना अर्ज करण्याचे आमंत्रण मिळते. दुसरी वाट प्रांतांची. एखाद्या प्रांताने या व्यवस्थेमार्फत आपले नाव सुचविले, तर एकदम ६०० गुण वाढतात. तिसरी वाट विद्यार्थ्यांची. तेथे शिकावे, मग कामाचा परवाना घ्यावा, अनुभव जोडावा आणि त्या अनुभवाच्या बळावर कायम वास्तव्य मागावे. चौथी कुटुंबाची, म्हणजे तेथे स्थायिक असलेल्याने आपला जोडीदार, मुले किंवा आईवडील यांची जबाबदारी घेऊन त्यांना बोलावणे. पाचवी निर्वासितांची. ती आपण कोणावर येऊ नये अशीच प्रार्थना करावी. पैसे गुंतवून प्रवेश मिळविण्याची जी केंद्र सरकारची गुंतवणूकदार योजना होती, ती २०१४ साली बंद झाली.

आमच्या घरात पहिल्या वाटेचा विचार झाला. पुतण्याचे वय त्या वेळी अडतीस, सुनेचे तेहतीस. पुतण्या एका कारखान्यात पर्यवेक्षक, सून मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका. जोडप्यापैकी मुख्य अर्जदार कोण व्हावे, हे त्यांनीच ठरवायचे असते. आम्ही तिघे टेबलाशी बसून गुण मोजू लागलो. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे जास्तीत जास्त १०० गुण मिळतात आणि तेही तिशीच्या आतच. तेहतिसाव्या वर्षी ते ८० होतात, अडतिसाव्या वर्षी ५५, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. शिवाय २०२३ पासून आरोग्यसेवेतील माणसांसाठी स्वतंत्र सोडती सुरू झाल्या होत्या. त्यांत सर्वसाधारण सोडतींपेक्षा पुष्कळ कमी गुण पुरत. हिशेब उघड होता. सून मुख्य अर्जदार आणि पुतण्या तिच्यासोबत जाणारा जोडीदार. दादांना हे समजावताना पुतण्या थोडा अडखळला. दादा मात्र शांतपणे म्हणाले, “माझ्या आईने डोक्यावर टोपली घेऊन घर चालविले. सुनेच्या नावावर कॅनडाला जाण्यात कमीपणा कसला?”

नंतर कागदांची जुळवाजुळव सुरू झाली, आणि आपल्या समाजाची एक जुनी अडचण पुढे आली. आपली आडनावे पोर्तुगीज अमदानीतून आलेली. तीच बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने आणि पासपोर्टावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेली. सुनेच्या माहेरच्या आडनावात एका कागदावर एक अक्षर जास्त होते. लग्नानंतरचे नाव आणखी वेगळे. गावात या साऱ्यांचा अर्थ एकच माणूस असा होतो. परदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याच्या तीन बायका होतात! प्रतिज्ञापत्रे झाली, दुरुस्त्या झाल्या, धर्मग्रामाच्या कार्यालयातून नवे उतारे आले. आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे की, घरात कोणी परदेशी जाणार असो वा नसो, मुलांच्या साऱ्या दाखल्यांवरील नावे आजच ताडून पाहावीत.

पदवीचे मूल्यमापन झाले. इंग्रजीची परीक्षा झाली. पोलिसांचा दाखला, नेमून दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी, बोटांचे ठसे, हेही झाले. शेवटी पैशांचा पुरावा द्यावयाचा होता. चार माणसांच्या कुटुंबाला त्या वर्षी सुमारे पंचवीस हजार कॅनेडियन डॉलर स्वतःजवळ असल्याचे दाखवावे लागे. हे पैसे कर्जाऊ चालत नाहीत आणि स्थावर मालमत्तेची किंमत त्यांत धरता येत नाही. दादांनी सातबाऱ्याचा उतारा काढून आणला होता. तो तसाच परत कपाटात गेला. पानवेल आणि केळी यांनी तीन पिढ्या पोसलेली वाडी त्या हिशेबात शून्य होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमंत्रण आले, साठ दिवसांच्या मुदतीत अर्ज गेला आणि पुढच्या जूनमध्ये दोन मुलांसह ते जोडपे टोरांटोला उतरले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. कायम वास्तव्याचा हक्क मिळाला म्हणजे व्यवसायाचा हक्क मिळाला, असे नव्हे. परिचारिकेला प्रत्येक प्रांतात तेथील नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते, जुने शिक्षण तपासून घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते. ज्या कसबामुळे सुनेची निवड झाली, ते कसब वापरण्यापूर्वी तिला कित्येक महिने वृद्धांच्या निवासात मदतनीस म्हणून काम करावे लागले. पुतण्या एका गोदामात रात्रपाळी करीत होता. पर्यवेक्षकाने खोकी उचलावीत, याची लाज त्याला वाटली नाही. पण हे घरी सांगावयास त्याला चार महिने लागले. जाणाऱ्यांना हे आधी ठाऊक असलेले बरे.

आता दादांच्या प्रश्नाकडे येऊ. ‘कायम’ या शब्दाचा कायद्यातला अर्थ असा : कोणत्याही पाच वर्षांत निदान ७३० दिवस, म्हणजे दोन वर्षे, त्या देशात राहिले पाहिजे. हातातल्या कार्डाची मुदत सहसा पाच वर्षांची असते. ते कार्ड जुने झाले म्हणून हक्क जात नाही. दिवस भरले नाहीत तर तो जाऊ शकतो. कायम निवासी माणूस देशभर कोठेही राहू शकतो, काम करू शकतो, सरकारी आरोग्यसेवेचा लाभ घेऊ शकतो. परंतु तो मत देऊ शकत नाही, त्याचा पासपोर्ट भारताचाच राहतो, आणि गंभीर गुन्हा घडल्यास त्याला देशाबाहेर काढता येते. थोडक्यात, हा पाहुणा नव्हे आणि घरचाही नव्हे. मधल्या ओसरीवर बसलेला माणूस तो.

मग आईवडिलांचे काय? वाचकहो, या लेखाचे खरे दुखणे येथे आहे. दादा आता एकाहत्तर वर्षांचे, वहिनी अडुसष्ट. गुणांच्या तक्त्यात पंचेचाळिशीनंतर वयाला शून्य. मुलाने किंवा सुनेने त्यांना कायमचे बोलावावयाचे, तर सलग तीन वर्षांचे ठरावीक उत्पन्न दाखवावे लागते आणि, क्युबेक वगळता, वीस वर्षे त्यांचा भार वाहण्याची हमी द्यावी लागते. एवढी तयारी असली तरी दार उघडेलच असे नाही. २०२० साली इच्छुकांची जी यादी घेतली, तिच्यातूनच पुढे २०२५ पर्यंत नावे काढली गेली. जे २०२४ साली पोहोचले, त्यांना त्या यादीत जागाच नव्हती. उरतो तो ‘सुपर व्हिसा’. ही सोय डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाली. २०२२ पासून तिच्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र निदान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो, आणि कितीही काळ राहिले तरी माणूस पाहुणाच.

दादा-वहिनी २०२५ च्या मे महिन्यात गेले आणि ऑक्टोबरात परत आले. आम्ही विमानतळावर घ्यावयास गेलो होतो. वहिनींनी नातवंडांचे पुष्कळ कौतुक सांगितले. रविवारी मिस्सेला निरनिराळ्या देशांचे लोक कसे येतात, तेही सांगितले. घरी आल्यावर, दादा बाहेर गेले असता, त्या हळूच म्हणाल्या, “भावजी, तिथे सगळे बरे आहे. पण दिवसभर घरात आम्ही दोघेच. त्यांना वाडीत जाऊन पाणी सोडायची सवय. ते रोज खिडकीशी उभे राहून बघायचे, पाऊस येतो का ते.” आम्हांला त्यावर उत्तर सुचले नाही. मुलगा-सून वाईट वागली असती तर तक्रार तरी करता आली असती. ती दोघे चांगली वागतात. आपली पाळी संपवून आईवडिलांना गाडीतून फिरवितात. दोष कोणाचाच नाही आणि तरीही घर दोन ठिकाणी तुटलेले आहे.

कोणी म्हणेल, मग जाऊच नये. तसे आम्ही म्हणणार नाही. भूक आणि आशा यांनी माणसे नेहमीच हलविली आहेत. आपल्या मराठीवर ज्यांचे ऋण आहे, ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडकडचा माणूस म्हणूनच गोव्यात आले आणि १६१९ साली देह ठेवीपर्यंत इकडेच राहिले. त्यांना कोणी गुण दिले नव्हते, कार्ड दिले नव्हते. त्यांनी इथल्या माणसांची भाषा आपली केली आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ लोकांच्या हाती दिले. ते इथले झाले ते त्या भाषेमुळे. परक्या देशात मूळ धरण्याचा याहून चांगला नमुना आम्हांला ठाऊक नाही. आपली मुलेही तेथे केवळ पगार मोजीत न राहता तेथील माणसांची होवोत, हेच आमचे मागणे आहे.

परंतु डोळे उघडे ठेवून जावे. दार सदैव उघडे राहील, असे धरून चालू नये. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कायम निवासींची २०२५ सालची संख्या पूर्वी ठरविलेल्या पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणली. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या लेखी आश्वासनाला मिळणारे गुणही काढून टाकले. शिक्षणाच्या वाटेने जाणाऱ्याने बापाची जमीन गहाण ठेवण्यापूर्वी याचा दहादा विचार करावा. सल्लागार म्हणविणाऱ्यांपासूनही सावध असावे. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्यापाशी तेथील वकिलीची सनद किंवा कॅनडाच्या अधिकृत सल्लागार मंडळाचा परवाना असावा लागतो. ‘शंभर टक्के खात्री’ देणारा माणूस दारात आला, तर त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा. कोणत्याही सल्लागाराच्या हाती आमंत्रण देण्याची सत्ता नाही.

आता पुढचा पेच. पाच वर्षांत १०९५ दिवस तेथे भरले की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पुतण्याचे दिवस जून २०२७ मध्ये भरतील. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपले आपोआप संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ‘ओ.सी.आय.’ कार्ड घेता येते. त्यावर आयुष्यभर इकडे येता-जाता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते. म्हणजे वाडी पुतण्याकडे येऊ शकते. ती राखावयास तो येऊ शकेल की नाही, हे कायदा सांगत नाही.

गेल्या नाताळात त्याने दादांना फोन करून विचारले, “बाबा, अर्ज करू का? तुम्ही नको म्हणालात तर थांबेन.” दादांनी उत्तर द्यावयास आठ दिवस घेतले. मग त्यांनी पत्र लिहिले. हल्ली पत्र कोण लिहितो? पण काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत. त्यात त्यांनी लिहिले की, मुलांच्या नावाने अर्ज कर, कारण ती तेथेच वाढतील आणि जेथे वाढतात तेथे त्यांना मत असावे. तुझे तू आणि सुनेने मिळून ठरवा, माझ्या भीतीने ठरवू नका. वाडीची व्यवस्था मी माझ्या हयातीत लावतो, म्हणजे तुम्हांला भावांत भांडत बसावे लागणार नाही. मात्र दर दोन वर्षांनी मुलांना इकडे आणा आणि घरात मराठी बोला, नाहीतर त्यांची आजी त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलणार?

त्या पत्रात एकही तक्रार नव्हती. पत्र टपालात टाकण्यापूर्वी दादांनी ते आम्हांला वाचावयास दिले आणि शुद्धलेखन तपासावयास सांगितले. आम्ही दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आज अशी घरे आहेत, जेथे दोन वृद्ध माणसे चार खोल्यांत राहतात. मुले परदेशी गेली म्हणून त्यांना दैववान म्हणावे की एकाकी, याचा वाद घालण्याने काही साधत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारे कोणी आहे काय, सरकारी कागद वाचून दाखविणारे कोणी आहे काय, रविवारी मिस्सेला गाडीने नेणारे कोणी आहे काय, एवढे तरी शेजाऱ्यांनी पाहावे. आम्ही आमच्या आळीत अशा सात घरांची यादी केली आहे, आणि तीन तरुणांनी आपले दूरध्वनी क्रमांक त्या घरांतील भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत. त्यांतील एका तरुणाचा स्वतःचाच अर्ज सध्या कॅनडाकडे गेला आहे. त्याची जागा घेणारा आम्ही आतापासूनच शोधीत आहोत.